संदर्भ लिहा, आणि शोधूनही दाखवा

पुढच्या सत्रात आपल्या लायब्ररी पिरियडमध्ये 'संदर्भ कसे द्यावेत' हा पाठ होणार आहे. दोन पिरियड शिकवणे आणि तिसऱ्या पिरियडला दहा मार्कांची लेखी टेस्ट, असे वेळापत्रक नोटीस बोर्डवर लागले आहे. पाठ हवाच होता. टेस्टबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे, आणि ते मराठी पानावर मांडायला हरकत नाही असे सरांनीच सांगितले, म्हणून मांडतो.

टेस्टमध्ये काय येणार हे सगळ्यांना आताच ठाऊक आहे. आडनाव आधी की नाव, साल कंसात की शेवटी, स्वल्पविराम कुठे. एवढे एका प्रेपमध्ये पाठ होते आणि दहापैकी नऊ मिळतात. त्यानंतर तोच कॅडेट सोशल सायन्सच्या प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर 'संदर्भ : गूगल, विकिपीडिया, लायब्ररी' असे लिहून मोकळा होतो. 'लायब्ररी' हा संदर्भ चालत असेल, तर मॅप रीडिंगच्या तासाला 'मंदिर कुठे आहे?' या प्रश्नाला 'नकाशात' असे उत्तर देऊन बघावे. उस्ताद पुढे काय करतील ते मी लिहायला नको.

मॅप रीडिंगमध्ये आपण चार आकडी ग्रिड रेफरन्स देतो तेव्हा समोरच्याला एक किलोमीटरचा चौकोन मिळतो. सहा आकडी दिला तर शंभर मीटरचा. आधी ईस्टिंग, मग नॉर्दिंग, हा क्रम का पाळायचा? क्रम उलटला तर माणूस भलत्याच टेकडीवर पोहोचतो. पुस्तकाचा संदर्भ हाही ग्रिड रेफरन्सच आहे. पुस्तकाचे नाव म्हणजे चार आकडे आणि पान क्रमांक म्हणजे सहा. तो बरोबर आहे की नाही हे ठरवायची एकच पद्धत मला पटते : दुसऱ्या कुणाच्या तरी हातात तो द्या आणि तो त्या पानावर पोहोचतो का ते बघा.

संदर्भाचे महत्त्व पटवायला आपल्याला म्हैसूर सोडून जावे लागणार नाही. आपण आउटिंगला गेलो की पॅलेस आणि मैसूरपाक यांच्या पुढे जात नाही. पण याच शहरात 1891 साली सुरू झालेले प्राच्य ग्रंथालय आहे, ज्याला आज ओरिएंटल रिसर्च इन्स्टिट्यूट म्हणतात. तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडिताने तिथे ताडपत्रांची एक पोथी आणून दिली. ग्रंथ लिपीत लिहिलेली ती पोथी म्हणजे कौटिल्याचे अर्थशास्त्र आहे, हे तिथले ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी 1905 साली ओळखले. 1909 साली त्यांनी मूळ संस्कृत ग्रंथ छापला आणि 1915 साली इंग्रजी भाषांतर.

त्याआधी हा ग्रंथ विद्वानांना दुसऱ्यांच्या उल्लेखांतूनच माहीत होता. कामंदकाने आपल्या नीतिसारात विष्णुगुप्ताला वंदन केले होते. दंडीने दशकुमारचरितात त्याच्या सहा हजार श्लोकांएवढ्या ग्रंथाचा उल्लेख केला होता. बाणभट्टाने कादंबरीत त्याच्यावर टीका केली होती, आणि मल्लिनाथाने कालिदासावरच्या टीकेत कौटिल्याचे नाव घेऊन त्याची वचने दिली होती. पोथी समोर आल्यावर असे जुने उल्लेख तिच्याशी ताडून बघता आले. या लोकांनी 'एका शहाण्या माणसाने म्हटले आहे' एवढेच लिहिले असते, तर काय ताडून बघणार होते? आणखी एक गोष्ट. पोथी आणणारा माणूस आपल्याला 'तंजावर जिल्ह्यातील एक पंडित' एवढाच माहीत आहे. त्याचे नाव कुणी टिपून ठेवले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

खुद्द कौटिल्यही या बाबतीत शिस्तीचा. आधीच्या आचार्यांच्या ग्रंथांवरून आपण हा ग्रंथ रचला, हे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. भारद्वाज, विशालाक्ष, पराशर यांची मते तो नाव घेऊन देतो आणि मग स्वतःचे वेगळे मत मांडतो. शेवटच्या अधिकरणात त्याने ग्रंथरचनेच्या 32 युक्त्या सांगितल्या आहेत. त्यांतली एक 'अपदेश', म्हणजे दुसऱ्याचे म्हणणे दुसऱ्याचे म्हणून सांगणे. मुंबई विद्यापीठाने 1960 ते 1965 या काळात प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत प्रा. र. पं. कंगले यांनी प्रत्येक सूत्राला क्रमांक दिला. अधिकरण, अध्याय, सूत्र असे तीन आकडे सांगितले की जगात कुठेही तेच वाक्य उघडते. हा तर सरळ सरळ ग्रिड रेफरन्स झाला. आणि आपण मॉर्निंग असेंब्लीत 'चाणक्य म्हणतो' असे म्हणून मोबाईलवर आलेली वाक्ये ठोकून देतो. त्यांतली किती अर्थशास्त्रात सापडतील, हे कधी तरी मोजायला हवे.

आता मूल्यमापनाकडे येतो. महाराष्ट्रातल्या शाळांतून जे इथे आले त्यांना जुन्या प्रगतिपुस्तकातले 'आकारिक' आणि 'संकलित' हे दोन शब्द आठवत असतील. संकलित म्हणजे शेवटची परीक्षा. आकारिक म्हणजे शिकणे चालू असताना घेतलेला अंदाज. इंग्रजीत ही जोडी मायकेल स्क्रिव्हन यांनी 1967 साली रूढ केली. त्यांचा पहिला विचार अभ्यासक्रमाचा होता : तो तयार होत असतानाच तपासा, म्हणजे दुरुस्त करता येईल. ही गोष्ट आपण विसरतो. आकारिक तपासणीत पोराइतकाच पाठही तपासला जातो. तीस जणांपैकी वीस जण एकाच ठिकाणी चुकले तर दोष पाठात आहे, आणि पुढचा पिरियड बदलायला हवा.

फायरिंगमध्ये आपण हेच करतो. आधी पाच राऊंडचे ग्रुपिंग. उस्ताद टार्गेटजवळ जाऊन ग्रुप बघतात, श्वास, पकड की ट्रिगर यांत काय चुकते ते सांगतात. त्याला मार्क नसतात. पहिल्याच पाच गोळ्यांवर कुणाला नापास केल्याचे मी ऐकलेले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. पाठाच्या आधीच दहा मिनिटे सहा वाक्यांचा एक कागद द्यावा आणि कोणत्या वाक्याला संदर्भ लागतो ते विचारावे. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 रोजी झाली, याला आपल्या प्रोजेक्टमध्ये कुणी पुरावा मागणार नाही. भाऊसाहेब त्या दिवशी काय बोलले, याला मात्र मागितला पाहिजे. पहिल्या पिरियडनंतर प्रत्येकाने एक संदर्भ चिठ्ठीवर लिहून शेजाऱ्याला द्यावा, आणि शेजाऱ्याने शेल्फवरून पुस्तक काढून ते पान उघडून दाखवावे. जिथे अडला तिथे चिठ्ठीवर खूण करावी. चिठ्ठ्या सरांकडे जाव्यात, मार्कांच्या रजिस्टरमध्ये नव्हे. दुसरा पिरियड त्या खुणा बघून ठरवावा.

माझा अंदाज आहे की बहुतेक खुणा स्वल्पविरामावर पडणार नाहीत, पुस्तकाच्या निवडीवर पडतील. पानिपतवर प्रोजेक्ट करणारे निम्मे कॅडेट विश्वास पाटील यांची 1988 ची कादंबरी संदर्भ म्हणून देतात. कादंबरी भन्नाट आहे, मीही ती टॉर्च लावून वाचली आहे. पण तिच्यातले संवाद लेखकाने लिहिलेले आहेत. त्या काळची खरी पत्रे हवी असतील तर राजवाड्यांनी 1898 साली छापलेला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आहे, ज्यात 1750 ते 1761 ची पत्रे आहेत. लेखी टेस्टमध्ये कादंबरीचा संदर्भ आडनाव, साल, प्रकाशक सगळे जागच्या जागी लिहून पूर्ण मार्क मिळवतो. शेल्फसमोर उभे राहिल्यावर निदान कुणी तरी विचारेल, 'अरे, ही तर स्टोरी आहे ना?'

हा वाद दहा मार्कांपुरता नाही. आपल्यासारख्या शाळेत नक्कल हा मार्कांचा नव्हे, इज्जतीचा मामला असतो. मागच्या वर्षी एका ज्युनिअरचा प्रोजेक्ट प्रदर्शनातून काढला गेला, कारण दोन परिच्छेद जसेच्या तसे उतरवलेले निघाले. त्याने पुस्तकाचे नाव शेवटी दिले होते. उतरवलेल्या ओळी अवतरणात घालायच्या असतात, हे त्याला कुणी दाखवले नव्हते, आणि त्याची कच्ची वही कुणी उघडली नव्हती. हाऊसमध्ये त्याला महिनाभर जे नाव पडले ते मी इथे लिहीत नाही. ज्याने जाणूनबुजून चोरले त्याला शिक्षा व्हावी, माझी काही तक्रार नाही. पण पहिली तपासणीच शेवटची असेल तर चोर कोण आणि अडाणी कोण, हे कुणालाच कळणार नाही. त्यामुळे प्रोजेक्ट जमा करण्याच्या आठवडाभर आधी कच्च्या वहीतले फक्त संदर्भ बघावेत, ही माझी तिसरी मागणी.

वेळ कुठे आहे, असे विचारले जाईल. खरे आहे, पीटीपासून लाइट्स आउटपर्यंत आपल्याकडे मोकळी मिनिटे मोजकीच. पण टेस्टचा तिसरा पिरियड मिळालेलाच आहे. त्याच चाळीस मिनिटांचे तुकडे करून वापरायचे आहेत. आणि टेस्ट ठेवायचीच असेल तर ठेवा, फक्त ती शेल्फसमोर घ्या.

एक अडचण मात्र आहे. लायब्ररीत राजवाड्यांचा खंड जागेवर आहे, मी बघून आलो. कादंबरीची एकुलती प्रत गेले दोन महिने रजिस्टरवर नोंद नसताना कुणाच्या तरी लॉकरमध्ये आहे. त्याने ती पुढच्या सत्राआधी परत ठेवावी.