आईचे विरजण

कालच्या दह्यातले चमचाभर आजच्या दुधात घातले की सकाळी दही तयार होते, हे आमच्या रेडीतल्या कोणत्याही आजीला ठाऊक आहे. मूल जन्मते तेव्हा त्याच्या पोटातही असेच विरजण पडते आणि ते बव्हंशी आईकडून येते, हे मात्र मला यंदा कळले.

गेल्या पावसाळ्यात माझी थोरली बहीण बाळंतपणाला माहेरी आली. दवाखान्यातून घरी येताच शेजारच्या म्हाताऱ्यांनी बजावले, "पयला दूध बाधता, ता पिळून टाकूक व्हया." चीक टाकला गेला. बाळाच्या ओठांना मध लागला. पुढे बाळ रात्ररात्र रडू लागले, तेव्हा दोष कोणाला? बहिणीलाच! "तू काय खाल्लंस?" बिचारी नुसत्या पेजेवर होती. आमच्या घरात पदवीच्या वर्गात बसणारी मी पहिली. पण त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ती बोच या लेखामागे आहे.

नंतर मी वाचू लागले. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला मुळी पचतच नाहीत. मग निसर्गाने त्या घातल्या कशाला? तर बाळाच्या आतड्यातील बायफिडोबॅक्टेरिया या उपकारक जिवाणूंचे ते अन्न आहे! आणि चिकात त्या सर्वांत अधिक असतात. म्हणजे आपण मोरीत ओततो ते काय, याचा विचार करावा. मध तर वर्षाच्या आतील बाळाला धोक्याचाच.

हे जिवाणू केवळ पोटापुरते नाहीत. २००४ साली जपानमधील क्युशू विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की, जिवाणूविरहित वाढवलेले उंदीर कोंडले असता त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरके प्रमाणाबाहेर वाढतात. त्यांना बायफिडोबॅक्टेरियम इन्फॅन्टिस हा एकच जिवाणू दिला, तेव्हा ती वाढ आवरली. ओडिशातील खेड्यांत ४५५६ नवजात बालकांवर एक प्रयोग झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात उपकारक जिवाणू व त्यांचे खाद्य आठवडाभर मिळालेल्या बालकांत जंतुदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. मुंबईच्या शीव रुग्णालयात तर १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे. परक्या बाळासाठीही जे दूध जपून ठेवले जाते, ते आपण सख्ख्या बाळाला नाकारावे काय?

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उद्या कोणी म्हणेल, मूल किरकिरे आहे, म्हणजे आईचेच जिवाणू वाईट! मग जुन्याच दोषाला शास्त्राचे नवे नाव मिळेल. माझे म्हणणे उलट आहे. आईकडून बाळाला एवढे मोठे धन मिळत असेल, तर त्या आईला पोटभर जेवण, झोप आणि दोन गोड शब्द मिळणे हे साऱ्या घराचे कर्तव्य ठरते.

मित्रमैत्रिणींनो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, बंधारे बांधतो. मग घराच्या ओटीवर बसून चिकाविषयी बोलायची लाज का वाटावी? म्हाताऱ्यांना अडाणी म्हणून हे काम होणार नाही. त्यांना त्यांच्याच शब्दांत एवढेच विचारावे, "आजी, विरजण कोणी टाकून देता काय?"

— द्वितीय वर्ष, कला