दोन अधिक दोन पाच का होतात?



दोन अधिक दोन किती, असे कोणी विचारले तर तुम्ही हसाल. पण अमेरिकेत जीवशास्त्राची पदवी घेऊ पाहणाऱ्या कित्येक मुलांच्या बाबतीत या बेरजेचे उत्तर चार येत नाही, पाच येते. ही चूक त्यांच्या गणिताची नाही. मग ती कोणाची, हे पाहण्यासारखे आहे. कारण तोच प्रश्न आता आपल्याही दाराशी येऊन उभा राहिला आहे.

आधी तिकडची व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेत बारावीनंतरचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. त्यातील पहिली दोन वर्षे घराजवळच्या ‘कम्युनिटी कॉलेज’मध्ये करता येतात. इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली सुरू झालेले कॉलेज हे अशा सार्वजनिक कॉलेजांतील सर्वांत जुने मानले जाते. तेथे दोन वर्षांनी मिळणाऱ्या पदवीला ‘असोसिएट’ पदवी म्हणतात. फी कमी, घर जवळ आणि नोकरी सांभाळून शिकण्याची सोय, म्हणून बेताच्या परिस्थितीतील मुलांना हा मार्ग मोठा आधार वाटतो. अभ्यासाचे माप तेथे श्रेयांकांत होते. पूर्ण पदवीला साधारण १२० श्रेयांक लागतात, असोसिएट पदवीला ६०. साठ इथे मिळवायचे, साठ विद्यापीठात मिळवायचे, की झाली पदवी. कागदावर हिशेब अगदी सरळ आहे.

हा मार्ग कमी प्रतीचा आहे असे मात्र समजू नका. क्रेग व्हेंटर हे नाव तुम्ही ऐकले असेल. शाळेत हा मुलगा अभ्यासात मागेच होता. नौदलाच्या वैद्यकीय सेवेत राहून व्हिएतनामचे युद्ध पाहून आल्यावर त्याला शिकावेसे वाटले. तेव्हा त्याने कॅलिफोर्नियातील सॅन मॅटिओच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातले. तेथून तो सॅन डिएगोच्या विद्यापीठात गेला, १९७२ मध्ये जीवरसायनशास्त्राचा पदवीधर झाला आणि १९७५ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली. पुढे १९९५ मध्ये त्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिवाणूच्या डीएनएमधील सुमारे १८ लाख अक्षरांची जोडी न् जोडी वाचून काढली. स्वतंत्रपणे जगणाऱ्या सजीवाचा संपूर्ण जनुकसंच माणसाने वाचण्याची ती पहिलीच वेळ होती. आरंभ लहान कॉलेजात झाला म्हणून शास्त्रज्ञ लहान राहत नाही.

मग बेरीज चुकते कोठे? ती चुकते जीवशास्त्राच्या स्वभावामुळे. इतिहासाचे दोन पेपर तुम्ही मागेपुढे शिकलात तरी फारसे बिघडत नाही. जीवशास्त्राचे तसे नाही. पेशीतील विकरे कशी काम करतात हे समजण्यासाठी प्रथिनांची रचना समजावी लागते. प्रथिने समजायला सेंद्रिय रसायनशास्त्र हवे आणि सेंद्रिय रसायनशास्त्रासाठी सामान्य रसायनशास्त्र आधी झालेले हवे. ही एक साखळी आहे. सामान्य रसायनाचे एक वर्ष, सेंद्रियचे एक वर्ष, मग जीवरसायन. शेजारून गणित, भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्रही चालत असतात. साखळीतील प्रत्येक कडी आधीच्या कडीत अडकलेली असते. एखादी कडी गाळून पुढची धरता येत नाही.

आता एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. तिने दोन वर्षांत ६० श्रेयांक मिळवले; भाषा, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि जीवशास्त्राची ओळख. गुणही चांगले पडले. विद्यापीठाने तिला प्रवेश दिला, साठही श्रेयांक मान्य केले. पण रसायनशास्त्र झालेलेच नाही. तिसऱ्या वर्षी ती सामान्य रसायन घेणार, चौथ्या वर्षी सेंद्रिय, पाचव्या वर्षी जीवरसायन. दोन अधिक दोन पाच होतात ते असे.

दुसरा प्रकार याहून दुःखद आहे. मुलीने रसायनशास्त्र केले होते, पण विद्यापीठ म्हणते, ‘श्रेयांक घेतो, पण ते ऐच्छिक विषयाचे म्हणून, मुख्य विषयासाठी आमचाच पाठ पुन्हा करावा लागेल.’ श्रेयांक कागदावर राहतात आणि वर्ष हातचे जाते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये एक अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत गेलेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया गेले, असा त्यातील अंदाज आहे. सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजातून सार्वजनिक विद्यापीठात गेलेल्यांचे नुकसान यापेक्षा कमी, पण तेही २२ टक्क्यांच्या आसपास होते. शंभर पायऱ्या चढायच्या आणि त्यातल्या बावीस पुन्हा चढायच्या!

विद्यापीठांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. ज्याने हातात काचनळी धरून ऊर्ध्वपातन केले नाही, त्याला सेंद्रिय रसायनाची प्रयोगशाळा ‘झाली’ असे कसे म्हणायचे? दर्जा पाहिलाच पाहिजे. पण माझे म्हणणे असे, की तपासायचा तो पाठाचा दर्जा, कॉलेजचे नाव नव्हे. आणि तो तपासायचा विद्यार्थ्याने पाठ घेण्यापूर्वी, नंतर नव्हे. दोन वर्षे घालवल्यावर ‘हे चालणार नाही’ असे सांगणे म्हणजे शर्यत संपल्यावर नियम वाचून दाखवणे होय.

हे करता येते. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा करून खास पुढच्या प्रवेशासाठीची असोसिएट पदवी निर्माण केली. ती घेणाऱ्याला कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठात जागेची हमी मिळते आणि त्याच किंवा जवळच्या विषयात उरलेली पदवी ६० श्रेयांकांत पुरी करता येते. हवे तेच आवार मिळेल अशी हमी नाही, हे खरे. तरीही कोणता पाठ कोठे चालेल हे आधी कळते, ही मोठी गोष्ट आहे.

आता आपल्याकडे वळू. दोन वर्षांची डी. फार्म. पदविका घेतलेला विद्यार्थी चार वर्षांच्या बी. फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला जातो. म्हणजे येथेही दोन अधिक तीन, पाचच! पण हे पाच त्याला पहिल्या दिवशीच ठाऊक असतात, म्हणून ती फसवणूक ठरत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि पुढे पदवी, असे टप्पे सुचवले. २०२१ मध्ये श्रेयांक साठवण्याच्या बँकेचे नियमही झाले. कल्पना चांगली आहे. पण बँकेत श्रेयांक जमा असणे आणि त्यांना साखळीत जागा मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील मुलांनी ज्या धड्यासाठी वर्षे मोजली, तो आपण फुकट का शिकू नये?

शिक्षकांना विनंती, की विद्यार्थ्याला विषय निवडताना ही साखळी फळ्यावर काढून दाखवा. आणि मित्रांनो, जीवशास्त्र आवडते म्हणून रसायनशास्त्र आणि गणित यांना ‘नंतर बघू’ म्हणू नका. कोठेही नाव घालण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर लेखी मागा: ‘हा पाठ पुढे माझ्या मुख्य विषयात धरला जाईल का?’ तो विचारायला संकोच वाटेल. पण न विचारण्याची किंमत तुमच्या आयुष्यातील एक वर्ष आहे.