काठी रोवा, गाईड मिटा

मुले मराठी वाचत नाहीत, हे रडगाणे सीमाभागातल्या प्रत्येक साहित्य संमेलनात आळवले जाते. मी ते आता ऐकून घेत नाही. वाचण्याजोगे आपण त्यांच्या हाती देतो तरी काय? इतिहास म्हणून थोरांची चरित्रे, ज्यांत थोर माणूस पाळण्यातच थोर असतो. विज्ञान म्हणून प्रश्नमंजूषा! सर्वांत उंच काय, सर्वांत वेगवान कोण. मूल बक्षीस आणील, पण पुस्तक मिटल्यावर हाताला काम उरत नाही. पाठ्यपुस्तकात कुठे 'करून पाहा' असलेच, तर त्याचेही उत्तर गाईडमध्ये छापून मिळते. काठीची सावली सर्वांत आखूड केव्हा? दुपारी बारा वाजता. लिहा आणि गुण घ्या.

आता बेळगावात अंगणात खरोखर काठी रोवा आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. बारा वाजून जातात, तरी सावली आखडतच असते. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचे, आपण राहतो साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास. आठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटे; म्हणजे मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास, आणि ऋतूप्रमाणे त्यातही पाव तासापर्यंत मागेपुढे. ऐन दिवाळीत ती सव्वाबारालाच गाठते. गाईड चुकले, काठी बरोबर! छापलेले खोटे असू शकते हे दहाव्या वर्षी स्वतःच्या अंगणात कळणे ही केवढी गोष्ट आहे. कदाचित म्हणूनच मोठ्यांना ती गैरसोयीची वाटत असावी.

सूर्य अगदी डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते, ते दिवस आपल्याकडे वर्षातून दोन. एक मेच्या पहिल्या आठवड्यात, दुसरा ऑगस्टच्या दुसऱ्या. मेमध्ये शाळेला सुटी, आणि ऑगस्टमध्ये आपल्या पावसात सूर्य दिसला तर नशीब. तेव्हा हे शाळेवर ढकलून भागणार नाही.

'असली पुस्तके महाग, साहित्य मिळत नाही' ही सबब मला पाठ आहे. अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर भूमिती उभी केली. चार काड्यांचा चौकोन बोटाने कलंडतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. मग मुलाला मान वर करून आपल्या कौलारू घराची कैची पाहू द्या. सुतार तिथे त्रिकोण का करतो, हे त्याला सांगावे लागणार नाही. गुप्तांच्या संकेतस्थळावर कितीतरी मराठी पुस्तके फुकट आहेत. फुकट आहेत म्हणूनच बहुधा आपण ती भेट देत नाही. होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात तर 1972 पासून खेड्यांतल्या शाळांची मुले प्रयोग करून निष्कर्ष स्वतः लिहीत, परीक्षेत पुस्तक उघडे ठेवीत. 2002 साली सरकारने तो बंद केला. बंद करणे सोपेच असते.

इतिहासाची गत याहून वाईट. गावाबाहेर वीरगळ उभा असतो, त्याला शेंदूर फासून आपण पुढे जातो. मुलाला कागद-पेन्सिल देऊन तिथे बसवा आणि खालून वर चित्र काढू द्या. खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. हातात शस्त्र कोणते, घोडा आहे की गाई, हे मोजल्यावर तो दगड बोलू लागतो. आणि वीरगळातला 'गळ' म्हणजे काय? पुण्याच्या मुलाला कोश काढावा लागेल. आपल्या मुलाला गल्लीतला सवंगडी सांगेल, की 'कल्लु' म्हणजे दगड.

इथे काही मंडळींच्या कपाळावर आठी पडेल, हे मी जाणतो. मराठीसाठी आयुष्य वेचलेली माणसे माझ्याही घरात होऊन गेली. भाषेचा हक्क मी तसूभर सोडणार नाही. पण श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठी, कन्नड आणि तमिळ लेख शेजारी शेजारी कोरलेले आहेत, त्यांना एकमेकांचा विटाळ झालेला नाही. मला इथल्या मुलांसाठी असे मराठी पुस्तक हवे, ज्यात सावलीच्या प्रयोगाशेजारी 'नेरळु' हा शब्दही छापलेला असेल, म्हणजे दोन्ही घरची पोरे एकाच काठीभोवती बसतील. ते पुण्यामुंबईचा प्रकाशक काढणार नाही, त्याला आपले अंगण ठाऊक नाही. आपल्या वाचनालयांनी वर्षातल्या एका व्याख्यानमालेचा खर्च त्यात घालावा. हारतुरे एक वर्ष नसले तरी चालतील.