गिटारची गर्जना आणि तीन कसोट्या

हेवी मेटल हे शब्द ऐकले की रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला शिसे आणि पारा आठवतात; गिटारचा नाद लागलेल्याला मात्र निराळेच काही आठवते. मुंबईला हे संगीत नवे नाही. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा मेळा धोबी तलावाजवळच्या रंगभवनात अनेक वर्षे गाजला. १ फेब्रुवारी २००८ रोजी ‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचा कार्यक्रम वांद्रे-कुर्ला संकुलात झाला. आज देवनार-गोवंडीच्या वसाहतींतही पाठीला गिटार अडकवलेली मुले-मुली दिसतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘सर, मॉडेलर कोणता घ्यावा?’

मॉडेलर म्हणजे काय ते आधी पाहू. पूर्वी ही गर्जना काढण्यासाठी व्हॉल्व्हचा मोठा अँप लागे. तो खरा रंगात यायचा तो भिंती हादरू लागल्यावरच! देवनारमधल्या एका खोलीच्या घरात हे कसे जमणार? केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मॉडेलर त्या अँपचे काम आकडेमोडीने करतो आणि निकाल हेडफोनवर ऐकवतो. डिसेंबर २०१३ मध्ये ‘मेटॅलिका’ने अंटार्क्टिकावरील अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर असाच कार्यक्रम केला. तेथे मोठे स्पीकर नव्हते. श्रोत्यांनी सारे हेडफोनवर ऐकले.

जाहिरातीत मात्र ‘दोनशे अँप एका पेटीत’ असे लिहिलेले असते. माझे स्पष्ट मत असे की, या आकड्यावर आईवडिलांचे पैसे खर्च करू नका. त्याऐवजी हा आवाज कसा तयार होतो ते समजून घ्या आणि आपल्या कानांनी परीक्षा करा.

तारेची लहर अँपमध्ये मर्यादेपेक्षा मोठी झाली की तिचे शेंडे छाटले जातात. गोल डोंगराचे सपाट पठार होते. अशा लहरीत मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारतेचे नवे स्वर मिसळतात. एकाच वेळी दोन तारा छेडल्या तर त्यांच्या वारंवारतांच्या वजाबाकीचाही स्वर उमटतो. सर्वांत जाड तार ८२.४ हर्ट्झची, तिच्याबरोबर १२३.६ हर्ट्झचा पंचम वाजवा. वजाबाकी ४१.२, म्हणजे मूळ स्वराच्या बरोबर निम्मी. मेटलमधल्या दणक्याचे हे एक रहस्य होय. पण पाच-सहा तारा एकदम छेडल्या की असल्या वजाबाक्यांचा नुसता चिखल होतो.

आता कसोट्या. पहिली: दोन मॉडेलर ऐकताना दोघांचा आवाज सारखा मोठा ठेवा. जो किंचित मोठा तो आपल्या कानाला चांगला वाटतो, आणि दुकानात नेमकी येथेच फसगत होते.

दुसरी: गेन पूर्ण वाढवून बारीक तार वरच्या पट्टीत छेडा आणि हळूहळू ओढा. स्वर चढत असताना मागे एखादी शीळ खाली उतरताना ऐकू आली तर ती आकडेमोडीतली खोट समजा. कारण असे: सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या यंत्राला २२,०५० हर्ट्झच्या वरचा स्वर मांडता येत नाही. ५,००० हर्ट्झच्या स्वराची सातपट ३५,०००. ती उलट फिरून ९,१०० हर्ट्झवर येते आणि बेसूर लागते. चित्रपटात गाडीचे चाक उलटे फिरताना दिसते, त्यातलाच हा प्रकार. चांगले मॉडेलर आतल्या आत कितीतरी अधिक नमुने घेऊन ही खोट टाळतात.

तिसरी: स्पीकरची नक्कल तपासा. माठ पक्का की कच्चा हे आपण टिचकी मारून ओळखतो. तसाच स्पीकरने एका ‘टिचकी’ला दिलेला प्रतिसाद मॉडेलरमध्ये साठवलेला असतो. गिटारचा बारा इंची स्पीकर सुमारे ५,००० हर्ट्झच्या वरचे स्वर फारसे बाहेर सोडत नाही. ही नक्कल बंद केली की गर्जनेची गांधीलमाशी होते! म्हणून अँपचे नाव बदलण्याआधी स्पीकर बदलून पाहा. फरक बहुधा तेथेच अधिक पडतो.

मॉडेलर घरी आला की गेन अर्ध्यावर ठेवा. तळहाताने तारा दाबून भराभर छेडा. प्रत्येक ठोका सुटा ऐकू येईपर्यंत गेन कमी करत जा. गेनच्या आधीच खालचे स्वर थोडे छाटा, म्हणजे चिखल कमी होईल. ‘मिडल’ शून्यावर नेण्याचा मोह आवरा. एकट्याने वाजवताना तो आवाज भारदस्त वाटतो, पण ढोल आणि बेस सुरू झाले की गिटार हरवते.

हेडफोनने शेजाऱ्यांची झोप वाचते, तुमचे कान आपोआप वाचत नाहीत. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार कामगारांनी ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तासच राहावे, आणि दर ३ डेसिबल वाढीस हा वेळ निम्मा करावा. म्हणजे १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे! तुमचे कान अजून पुष्कळ वर्षे वापरायचे आहेत, तेव्हा याहून कमीच ठेवा. आतल्या कानातील संवेदी पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत.

शिक्षकांना एक विनंती. या संगीताला धांगडधिंगा म्हणून बाजूला सारू नका. ज्या मुलीने मॉडेलर आणला असेल तिला तो प्रयोगशाळेत आणू द्या, ऑसिलोस्कोपला जोडा आणि गेन वाढवताना लहरीचे शेंडे कसे सपाट होतात ते सर्व वर्गाला दाखवा. ध्वनीच्या धड्यातील आकृती फळ्यावर काढण्यापेक्षा ही अधिक लक्षात राहील.