कडुनिंब आणि चांदीचे कण

धार व देवास या पवारांच्या जुन्या राजधान्यांतील मराठी घरांत कडुनिंब कोणास परका नाही. त्याच्याच पाल्याच्या अर्काने चांदीच्या क्षारापासून अतिसूक्ष्म कण घडविता येतात, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केले. हे कण नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जांशात मोजतात. त्यांतून सुटणारी चांदी जंतूंचे कवच भेदते. औषधांस न जुमानणारे जंतू वाढत असता ही आशा थोर होय. तथापि काचपात्रात जंतू मेले म्हणजे रोगी बरा झाला असे नव्हे. अधिक मात्रेत हेच कण मानवी पेशींसही बाधतात. म्हणून, विद्यार्थी मित्रहो, पूर्वजांच्या झाडपाल्याचा नुसता जयघोष नको, उपहासही नको. त्याची कसून परीक्षा घेणे हाच त्याचा खरा आदर होय.