आधी गाळा, मग मागवा

पैठण रस्त्यावरचे चितेगाव एके काळी व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे ओळखले जाई. अशा औद्योगिक पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यात सिस्टिम अ‍ॅडमिन बहुधा एकटाच असतो. ईआरपीचा सर्व्हर त्याचा, हजेरीचे यंत्र त्याचे आणि अकाउंट्सच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी फोन त्यालाच. कमांड लाइनवर त्याचा हात बसलेला असतो. आमची तक्रार वेगळी आहे: कमांड येते, प्रश्न विचारता येत नाही.

समजा, तिसऱ्या पाळीत कोणीतरी चुकीचे पासवर्ड टाकून सर्व्हरवर शिरायचा प्रयत्न केला. 4625 क्रमांकाच्या नोंदी हव्या आहेत. बहुतेक जण गेट-विनइव्हेंटने अख्खा सिक्युरिटी लॉग ओढतात आणि पाइपच्या पलीकडे व्हेअर-ऑब्जेक्ट लावतात. म्हणजे लाखभर नोंदी आधी मागवायच्या आणि मग फेकून द्यायच्या. सर्व्हर दुसऱ्या इमारतीत असेल तर नेटवर्कवरून. त्याऐवजी फिल्टर-हॅशटेबलमध्ये लॉगचे नाव, क्रमांक आणि सुरुवातीची वेळ दिली की छाननी लॉगजवळच होते. लिनक्सवाल्यांनी हसू नये. जर्नलसीटीएलला सेवेचे नाव आणि वेळ न देता सगळे ग्रेपच्या गळ्यात मारणारे त्यांच्यातही भरपूर आहेत.

वेळेचा मुद्दा निघालाच आहे. हॅशटेबलमध्ये स्थानिक वेळ चालते, पण तोच प्रश्न एक्सपाथमध्ये लिहिला तर यूटीसी द्यावी लागते. रात्री 2 वाजताची घटना तिथे आदल्या तारखेच्या 20:30 ला सापडते. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून 6 तासांत कळवावी लागते आणि लॉग 180 दिवस राखावे लागतात. हातात सहा तास असताना साडेपाच तासांची चूक परवडत नाही. शिवाय लॉगचा कमाल आकार मूळ सेटिंगवरच सोडला, तर नव्या नोंदी जुन्यांना पुसत जातात. 180 दिवसांपूर्वीचे विचारायला मागे काही उरतच नाही.

गाळणी लावूनही फसवणारा एक प्रश्न आहे. कोणत्या संगणकावर कोणते सॉफ्टवेअर आहे हे पाहायला अनेक जण विन32-प्रॉडक्ट या क्लासला विचारतात. एकाच नावाची अट घातली तरी विंडोज तिथल्या प्रत्येक एमएसआय पॅकेजची तपासणी करते आणि काही बिघडलेले दिसले तर दुरुस्तीही सुरू करते. इव्हेंट लॉगमध्ये 1035 क्रमांकाच्या नोंदींची रांग लागते. चालू पाळीत उत्पादनाच्या संगणकावर हा प्रश्न विचारणे आम्हाला बेजबाबदारपणाचे वाटते. हीच यादी रजिस्ट्रीतल्या अनइन्स्टॉल कीखाली बव्हंशी मिळते, आणि तीही कशाला धक्का न लावता. मात्र 32 बिट आणि 64 बिट या दोन्ही जागा पाहाव्या लागतात.

डब्ल्यूएमआयसीवर विसंबलेल्यांची वेळ आता संपली आहे. 2021 पासून मायक्रोसॉफ्टने ते निवृत्तीच्या यादीत टाकले आहे आणि विंडोज 11 च्या ताज्या आवृत्त्यांत ते आपोआप मिळत नाही. डब्ल्यूएमआय मात्र आहे तिथेच आहे. विचारायचे गेट-सिमइन्स्टन्सने, आणि अट त्याच्या फिल्टरमध्येच घालायची. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपल्यामुळे कारखान्यांत नवे संगणक येत आहेत आणि जुन्या बॅच फाइल्स त्यांच्यावर मुकाट्याने बंद पडतील.

तेव्हा या महिन्यात एवढे कराच: आपल्या सगळ्या स्क्रिप्टमध्ये डब्ल्यूएमआयसी आणि विन32-प्रॉडक्ट ही दोन नावे शोधा. टास्क शेड्युलरमध्ये आधीच्या अ‍ॅडमिनने लावून ठेवलेल्या स्क्रिप्टही त्यात धरा.