मढी उकरलीच पाहिजेत

‘जुनी मढी कशाला उकरायची?’ नरसंहाराच्या आठवणीचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. विचारणारा दुष्ट नसतो. पोराबाळांच्या डोक्यात रक्तपात भरू नये, एवढीच त्याची कळकळ असते. पण रवांडात विसरूनही पाहिले आहे. १९५९ साली बहुसंख्य हुतूंच्या या देशात अल्पसंख्य तुत्सींची घरे जळली, १९६३च्या डिसेंबरात कत्तली झाल्या. मारणाऱ्यांना जाब कुणी विचारला नाही. १९९२ साली बुगेसेरा भागात पुन्हा तेच. त्या वेळी चर्चमध्ये शिरलेले वाचले, म्हणून एप्रिल १९९४मध्ये नरसंहार सुरू झाला तेव्हा तिथल्याच न्यामाता गावचे लोक त्याच आशेने चर्चमध्ये शिरले. या वेळी मारेकरी आत आले. आज तिथल्या बाकांवर मृतांचे कपडे रचून ठेवलेत, सगळे मातकट झालेले, आणि छपराच्या पत्र्याला भोके आहेत. अशा गोष्टीची शिक्षा होत नसते, हे मारणाऱ्यांना पस्तीस वर्षांच्या विस्मरणाने शिकवले होते.

मग मुलांना १९९४चे शंभर दिवस आणि आठ लाखांवर बळी एवढे पाठ करून घेतले की झाले? मुळीच नाही. किगालीच्या स्मारकात मुलांचे दालन आहे. फोटोखाली नाव, वय, आवडता खाऊ, आवडते खेळणे आणि कसे मारले ते. तिथून पुढे मुलाला रवांडातले जुने ओळखपत्र दाखवावे. १९३०च्या दशकात बेल्जियन सत्तेने त्यावर ‘हुतू’, ‘तुत्सी’ अशी जमात छापली. १९९४मध्ये नाक्यानाक्यावर तेच तपासून माणसे मारली. आरटीएलएम रेडिओ तुत्सींना झुरळे म्हणत होता, हेही सांगावे. तयारी कशी होते, हे कळायलाच हवे.

आठवणीने सूड पेटतो, म्हणतात. पण रवांडात गावातल्या गवतावर बसणाऱ्या गचाचा न्यायालयांनी नरसंहाराचे २०१२पर्यंत सुमारे १९ लाख खटले ऐकले. पुष्कळ ठिकाणी मारेकऱ्याच्या कबुलीवरूनच प्रेत कुठल्या खड्ड्यात आहे ते कळले आणि घरच्यांना ते पुरता आले. विजयी झालेल्या आरपीएफ या बंडखोर सेनेच्या सैनिकांनी केलेल्या हत्या मात्र तिथे ऐकल्या गेल्या नाहीत. हा अन्यायच आहे, आणि त्यावर उपाय त्याही मृतांची आठवण सांगण्याचा आहे.

२०१८ साली किगालीजवळ घरांखाली प्रेतांचे मोठे खड्डे सापडले. चोवीस वर्षे ठाऊक असणारे गप्प होते. वाचलेले नातेवाईक तिथे आले आणि मातीतून निघालेल्या कपड्यांत आपल्या माणसाचे काही ओळखू येते का, ते पाहू लागले.